कोॲक्स केबलच्या एकाच तुकड्यातून दोन मीटर बँडचा अँटेना

हँडहेल्ड सेटबरोबर (वॉकीटॉकीबरोबर) येणारा रबरी अँटेना सोयीसाठी असतो, कामासाठी नाही. घरात बसून पलीकडच्या डोंगरावरचा रिपीटर (आपला सिग्नल पुन्हा पुढे पाठवणारं केंद्र) उघडायचा तर बाहेर, उंचावर, पूर्ण लांबीचा अँटेना हवा. तो बांधायला ॲल्युमिनियमच्या नळ्या लागत नाहीत आणि वेगळा जोडबिंदूही लागत नाही. सेटपर्यंत येणाऱ्या आरजी-५८ या कोॲक्स केबलचंच वरचं टोक थोडं सोललं आणि खाली त्याच केबलचे नऊ वेढे घातले की अँटेना तयार. ऑस्ट्रेलियातली हॅम (हौशी रेडिओवाली) मंडळी या रचनेला ‘फ्लॉवर पॉट’ म्हणतात. बाल्कनीतल्या कुंडीत उभी केलेली पांढरी नळी पाहून कुणालाच शंका येत नाही. सोसायटीच्या कमिटीशी ज्यांचे संबंध ताणलेले आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बांधायला दुपारचे दोन-तीन तास पुरतात. पण हा अँटेना का चालतो हे न कळता बांधला, तर तो हमखास चुकीच्या लांबीचा होतो. म्हणून आधी केबलकडे नीट पाहू.

दिसतात दोन, असतात तीन

केबल आडवी कापली की मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती पॉलिथिनचा थर, त्यावर विणलेली जाळी आणि बाहेर काळं आवरण दिसतं. वाहक दोनच वाटतात, तार आणि जाळी. पण दोन मीटर बँडवरचा, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झचा प्रवाह तांब्यात जेमतेम साडेपाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या जवळपास दोनशेव्या भागाइतकाच खोल शिरतो. जाळी त्याहून कितीतरी जाड असते. त्यामुळे जाळीच्या आतल्या अंगावरचा प्रवाह आणि बाहेरच्या अंगावरचा प्रवाह यांची एकमेकांशी गाठच पडत नाही. या फ्रीक्वेन्सीला कोॲक्स म्हणजे तीन वाहकांची केबल: मधली तार, जाळीचं आतलं अंग आणि जाळीचं बाहेरचं अंग.

सेटकडून येणारी ऊर्जा पहिल्या दोघांमधून जाते. तारेवर जितका प्रवाह वर जातो, तितकाच जाळीच्या आतल्या अंगावर उलट दिशेने असतो. दोन्ही एकमेकांना बाहेरच्या बाजूने पुसून टाकतात, म्हणून केबल स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. तिसरा वाहक तोवर रिकामाच असतो.

आता वरच्या टोकाला काळं आवरण आणि जाळी काढून टाकू आणि मधली तार तशीच वर जाऊ देऊ. तारेवरचा प्रवाह सरळ वर जातो. जाळीच्या आतल्या अंगावरचा प्रवाह मात्र जाळी जिथे संपते तिथे अडतो. त्याला एकच वाट उरते, काठावरून वळून बाहेरच्या अंगाने खाली उतरायची. दूध उतू जाताना पातेल्याच्या आतून वर चढतं आणि काठावरून बाहेरच्या अंगाने ओघळतं, अगदी तसंच. वर पाव लहर (लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाइतकी) तार, खाली पाव लहर जाळीचं बाहेरचं अंग, आणि मध्ये, जाळीच्या काठाशी, ऊर्जा देण्याची जागा. हा झाला अर्ध्या लहरीचा उभा डायपोल, म्हणजे दोन सारख्या भागांचा अँटेना.

अडचण एकच. ओघळणारा प्रवाह पाव लहरीवर आपणहून थांबत नाही. मोकळी वाट मिळाली तर तो खिडकीतून आत येऊन थेट सेटपर्यंत पोचतो. मग केबलची प्रत्येक हालचाल एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परतते याचं माप) बदलते आणि माइक तोंडाशी धरला की आवाजात गुरगुर मिसळते. म्हणून पाव लहरीवर केबलचेच वेढे घालून चोक, म्हणजे प्रवाह अडवणारी गुंडाळी, करायचा. आतून जाणाऱ्या सिग्नलला हे वेढे दिसतही नाहीत, त्याच्या लेखी केबल फक्त थोडी लांब झालेली असते. बाहेरच्या अंगावरच्या प्रवाहाला मात्र ती भिंत वाटते.

लांबीचा हिशेब आणि ०.६६ चा सापळा

भारतात दोन मीटर बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे, म्हणून मध्य १४५ धरू. ३०० ला १४५ ने भागलं की लहरीची लांबी २.०७ मीटर येते. तिचा चौथा भाग ५१.७ सेंमी.

इथे बरेच जण अडखळतात. आरजी-५८ च्या माहितीपत्रकात वेगगुणांक ०.६६ छापलेला असतो. तो पाहून ५१.७ ला ०.६६ ने गुणलं की ३४ सेंमी येतात आणि केबल तेवढी कापली जाते. असा अँटेना दोनशे मेगाहर्ट्झच्या आसपास जुळतो (रेझोनन्सला येतो) आणि आपल्या बँडवर त्याचा काही उपयोग राहत नाही. ०.६६ हा आकडा केबलच्या आत, तार आणि जाळी यांच्यामधल्या पॉलिथिनमधून जाणाऱ्या लहरीचा आहे. आपला डायपोल केबलच्या बाहेर काम करतो, हवेत. तिथे ०.६६ चा काही संबंध नाही.

तरीही पूर्ण ५१.७ सेंमी लागत नाहीत. प्रत्यक्षातल्या तारेच्या टोकांच्या परिणामाने साधारण पाच टक्के कमी होतात. तारेवरचं पॉलिथिन, केबलचं काळं आवरण, भोवतीचा पीव्हीसी पाइप आणि चोकच्या वेढ्यांची धारकता (कपॅसिटन्स) मिळून आणखी काही टक्के खातात. शेवटी वरची तार ४५ ते ४७ सेंमी आणि खालचा भाग सुमारे ४५ सेंमी राहतो. नेमका आकडा पाइपच्या जाडीवर आणि वेढ्यांच्या घट्टपणावर ठरतो. म्हणून सुरुवातीला वरची तार ४९ सेंमी ठेवायची आणि मापून छाटत यायचं.

सामान

आरजी-५८ केबल, १० मीटर. नावात सी/यू किंवा ए/यू असेल तर मधली तार अनेक बारीक तारांची असते, ती वाकवायला बरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळते, पण घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, आवरणावर ५० ओहम छापलेलं असावं. आरजी-५९ आणि आरजी-६ या टीव्हीच्या ७५ ओहमच्या केबली आहेत. दुसरी, टोक सोलून चुंबक लावा. चिकटला तर मधली तार तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी आहे, ती चोकच्या आणि खिडकीच्या वळणांना तुटते. तिसरी, जाळी दाट हवी. जाळीतून पॉलिथिन सहज दिसत असेल तर ती केबल परत द्या. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर तिला साधं सोल्डर धरत नाही.

फोम भरलेली केबल या कामाला नको. घट्ट वेढ्यांत, त्यातून उन्हात, मऊ फोममधून मधली तार हळूहळू एका बाजूला सरकते. आपण २५ मिमी पाइपवर गुंडाळणार आहोत, आणि ते वळण आरजी-५८ च्या शिफारशीपेक्षाही आवळ आहे. घन पॉलिथिन ते निभावून नेतं, फोम नाही.

इलेक्ट्रिशियन भिंतीत घालतात तो २५ मिमीचा पीव्हीसी कंड्युट पाइप. हे माप त्याच्या बाहेरच्या व्यासाचं असतं, आणि चोकसाठी आपल्याला तेच हवं. नळाच्या दुकानातला एक इंची पाइप याहून जाड निघतो, त्यावर नऊ वेढ्यांचं गणित बिघडतं. कंड्युट तीन मीटरचा मिळतो, अर्ध्यात काम होतं.

याखेरीज वरचं टोपण, केबल टाय, नायलॉनचा दोरा, श्रिंक ट्यूब, स्वतःला चिकटणारी रबरी टेप आणि सेटला बसेल तो कनेक्टर. गाडीत बसवायच्या मोबाइल सेटला बहुधा पीएल-२५९ लागतो. बारीक आरजी-५८ साठी त्याच्याबरोबर यूजी-१७५ हा रिड्यूसर घ्यायलाच हवा.

बांधणी

पाइपचा दीड मीटरचा तुकडा कापा. वरच्या टोकापासून ९८ सेंमीवर ६ मिमीचं भोक पाडा आणि त्याच्याखाली साधारण ४.५ सेंमीवर दुसरं. ड्रिल तिरकं धरलं तर केबल आत-बाहेर होताना काठावर चेपत नाही. भोकांच्या कडा कानशीने घासून घ्या.

केबलच्या एका टोकापासून ४९ सेंमीवर खूण करा. काळ्या आवरणाला ब्लेडने गोल चीर द्या, पण जाळीपर्यंत न जाता. नंतर केबल वाकवली की चीर उघडते. आवरण ओढून काढा, मग जाळी खुणेपाशी कटरने थोडी थोडी कापून काढून टाका. पॉलिथिनला ब्लेड लागू देऊ नका आणि ते सोलूही नका, ते तारेला ताठ ठेवतं. जाळीचा काठ एकसारखा हवा, सुटे केस उरले तर कापून टाका. त्या काठावर अर्धा आवरणावर आणि अर्धा पॉलिथिनवर येईल असा श्रिंक ट्यूबचा तुकडा चढवा. शक्यतो आतून गोंद असलेली ट्यूब घ्या. पाणी इथूनच शिरतं, आणि जाळीत शिरलेलं पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं केबलभर पसरतं.

जाळीच्या काठापासून खाली ४५ सेंमी मोजून केबलवर टेपची खूण करा. पहिला वेढा तिथे सुरू होणार. सोललेलं टोक वरच्या भोकातून पाइपच्या आत घालून वर सरकवत न्या, टेपची खूण भोकाशी आली की थांबा. तारेचं वरचं टोक आता पाइपच्या तोंडापासून चार सेंमी खाली असेल. त्याला नायलॉनचा दोरा बांधून टोपणातून ताणून धरा, म्हणजे तार पाइपमध्ये लोंबकळणार नाही.

आता पाइपवर नऊ वेढे, एकमेकांना चिकटून, एकाच थरात. केबल पाच मिमी जाड असल्याने नऊ वेढ्यांना साडेचार सेंमी जागा लागते आणि सुमारे ८५ सेंमी केबल खर्च होते. मग केबल खालच्या भोकातून आत आणि पाइपच्या तळातून बाहेर. वेढ्यांच्या दोन्ही बाजूंना केबल टाय आवळा, पण केबल चपटी होईल इतका नाही.

वेढे नऊच का? कारण हा चोक नुसत्या गुंडाळीने अडवत नाही. वेढ्यांमधली धारकता आणि गुंडाळीची प्रेरकता (इंडक्टन्स) मिळून एक समांतर जुळणी (पॅरलल रेझोनन्स) तयार होते. या व्यासावर, नऊ वेढ्यांना, ती १४५ च्या आसपास येते आणि तिथे अडथळा सर्वांत जास्त असतो. डायपोलच्या टोकाला व्होल्टेज जास्त आणि प्रवाह कमी असतो, म्हणून इथे मोठाच अडथळा लागतो. पंधरा वेढे घातले तर जुळणी खाली सरकते आणि चोक दुबळा होतो. केबलची सैल वेटोळी करून टायने बांधली तर पहिला आणि शेवटचा वेढा शेजारी येतात आणि प्रवाह त्यांच्यामधल्या धारकतेतून पलीकडे उडी मारतो. एचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या खाली) अशी वेटोळी चालून जातात, इथे नाही.

कनेक्टर लावताना सोल्डरिंगची इस्त्री किमान साठ वॉटची घ्या. कमी वॉटची इस्त्री कनेक्टर तापवायला वेळ लावते, तोवर पॉलिथिन वितळून मधली तार जाळीकडे सरकते. मग मल्टीमीटर लावा. कनेक्टरची पिन आणि बाहेरची बाजू यांच्यात बीप वाजता कामा नये, हा अँटेना डीसीला उघडा असतो. पिन आणि तारेचं वरचं टोक यांच्यात मात्र बीप हवी.

मापून छाटणं

नॅनो-व्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर १४५ ला चालणारा एसडब्ल्यूआर मीटर. फक्त एचएफचा मीटर इथे वाटेल ते आकडे दाखवतो. अँटेना बांबूला बांधून जमिनीपासून दोन मीटर तरी वर, भिंतीपासून दूर उभा करा. तार पाइपच्या आतच हवी. बाहेर काढून छाटली आणि मग आत घातली तर पाइप जुळणी एक-दोन मेगाहर्ट्झ खाली ओढतो.

मोजणी १३० ते १६० मध्ये करा. दरी (जिथे एसडब्ल्यूआर सर्वांत कमी येतो ती जागा) १४५ च्या खाली, समजा १३९ किंवा १४० ला दिसेल. वरच्या तारेचा एक सेंमी कापला की ती सुमारे दीड मेगाहर्ट्झ वर सरकते. १३९ ला असेल तर चार सेंमी कापायचे आहेत, पण आधी दोन, मग मोजून एक, मग अर्धा-अर्धा. कापलेली तार परत जोडता येत नाही. जास्त कापली गेलीच तर टोक गुंडाळण्याच्या भानगडीत न पडता जाळी एक-दोन सेंमी मागे कापा. वरचा भाग वाढतो, खालचा घटतो, आणि मग दोन्ही नव्याने जुळवता येतात.

डायपोलचा अवरोध (इम्पिडन्स) मोकळ्या हवेत ७३ ओहम असतो, म्हणून ५० ओहमच्या केबलला दीडच्या आसपास एसडब्ल्यूआर येणं स्वाभाविक आहे. दीडला परत येणारी शक्ती फक्त चार टक्के असते. १.१ च्या हट्टापायी संध्याकाळ घालवण्यात अर्थ नाही.

उलट, फार चांगला आकडा आला तर जरा संशय घ्या. आरजी-५८ मध्ये १४५ ला १० मीटरमागे साधारण दोन डेसिबल, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी जास्त शक्ती, जातात. परतणारी लहर केबलमधून दोनदा जाते, म्हणून चार डेसिबलने क्षीण होऊन मीटरपाशी येते. अँटेनापाशी खरा एसडब्ल्यूआर ३ असेल, तर केबलच्या या टोकाला १.९ दिसतो. मोजणी शक्य तितक्या आखूड केबलवर करा, किंवा नॅनो-व्हीएनए केबलच्या टोकाशी कॅलिब्रेट करून घ्या.

चोकची परीक्षा याहून सोपी. मीटरकडे पाहत चोकच्या खालची केबल मुठीत धरा आणि हात वर-खाली सरकवा. आकडा हलला नाही तर चोक काम करतोय. हलला तर वेढे एकमेकांना चिकटलेले आहेत का आणि पाइप खरोखर २५ मिमीचा आहे का ते बघा. तरीही हलत असेल तर खाली अर्ध्या मीटरवर दुसरा तसाच चोक घालून भागतं.

गच्चीवर नेल्यावर

सर्वांत जास्त बिघाड होतो तो जागा निवडताना. चोकच्या वरचे ९० सेंमी मोकळ्या हवेत हवेत. लोखंडी कठडा, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, कॉलममधून डोकावणाऱ्या सळ्या यांपासून निदान मीटरभर दूर. क्लॅम्प फक्त चोकच्या खालच्या उरलेल्या पाइपला लावायचा. अख्खा पाइप लोखंडी खांबाला चिकटवून बांधला तर खांब डायपोलच्या शेजारी उभा राहतो आणि एसडब्ल्यूआर थेट चारवर जातो. विजेच्या तारांपासून इतकं दूर उभं करा की पाइप कोसळला तरी तारेला लागणार नाही.

उंची मिळवण्यासाठी केबल लांबवाल, तर हिशेब करा. २० मीटर आरजी-५८ मध्ये चार डेसिबल जातात, म्हणजे दहा वॉटमधले चारच अँटेनापर्यंत पोचतात. अशा वेळी चोकच्या खाली अर्ध्या मीटरवर कनेक्टर लावून तिथून आरजी-२१३ घ्या, तोटा निम्म्याहून कमी होतो. तरीही उंचीसाठी थोडा तोटा सोसावा. रेडिओ क्षितिजाचं अंतर, किलोमीटरमध्ये, उंचीच्या मीटरमधल्या वर्गमुळाच्या ४.१२ पट असतं. दहा मीटरवरून ते १३ किमी येतं, पंचवीस मीटरवरून २० किमीच्या थोडं वर. पुण्याच्या पठारापासून सुमारे साडेसातशे मीटर वर असलेल्या सिंहगडावरून हेच अंतर शंभर किमीच्या पुढे जातं. डोंगरावर नेलेला दोन वॉटचा हँडहेल्ड शहरातल्या पन्नास वॉटच्या सेटला भारी पडतो तो यामुळेच.

पावसासाठी वरचं टोपण सॉल्व्हंटने चिकटवा, पण तळ उघडा ठेवा. दोन्ही टोकं बंद केली तर रात्री आत साचलेलं दव बाहेर पडत नाही. वेढ्यांच्या भोकांवर रबरी टेप, आणि त्यावर उन्हापासून वाचवायला काळी पीव्हीसी टेप. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरचा वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. केबल खिडकीतून आत येण्याआधी खाली वाकवून एक झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकून जातं. कोकणात खाऱ्या हवेमुळे कनेक्टर आधी काळा पडतो, तो दर पावसाळ्याआधी उघडून बघावा लागतो. वळवाचे ढग दिसले की केबल सेटपासून काढून ठेवा. हा अँटेना जमिनीशी जोडलेला नसतो, वीज दूर कडाडली तरी तारेवर भार साठतो.

या अँटेनावरून ७० सेंटिमीटर बँडवर बोलायचा मोह होईल, कारण १४५ ची तिप्पट ४३५ होते. डायपोल तिथेही कसाबसा जुळेल, पण हा चोक त्या फ्रीक्वेन्सीला अडवत नाही आणि प्रक्षेपण भलत्याच कोनात जातं. त्या बँडसाठी वेगळा बांधा, लांबी तिसरा हिस्सा.

प्रक्षेपणासाठी दूरसंचार विभागाचा हौशी रेडिओ परवाना लागतो, परीक्षा देऊन, रिस्ट्रिक्टेड किंवा जनरल श्रेणीचा. परवानाधारकाने मोठ्या शक्तीवर बोलण्याआधी अर्धा वॉट, मग पाच, मग पूर्ण, अशी चढती चाचणी घ्यावी. दोन-तीन मिनिटं बोलल्यावर प्रक्षेपण थांबवून वेढ्यांना हात लावून बघा. २५ वॉटला ते कोमटही होऊ नयेत.

ऐकायची चाचणी म्हणून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक चांगलं. शाळांशी होणारे त्याचे संवाद १४५.८०० मेगाहर्ट्झवर एफएममध्ये उतरतात आणि पॅकेट (डिजिटल मजकुराचे) संदेश १४५.८२५ वर. स्थानक क्षितिजावर उगवताना डॉप्लरमुळे, म्हणजे त्याच्या आपल्या दिशेने येण्याच्या वेगामुळे, फ्रीक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झने वर असते, मावळताना तितकीच खाली. ते थेट डोक्यावर आलं की मात्र आवाज पडतो. उभा डायपोल आपल्या टोकांच्या दिशेने काहीच ऐकत नाही, आणि त्या क्षणी स्थानक नेमकं तारेच्या टोकावर असतं.